झुडपांच्या छत्रावर अडणारा पाऊस: किती वाया जातो, किती मुळाशी पोहोचतो?

कोरडवाहू पट्ट्यात पडणारा प्रत्येक थेंब जमिनीत मुरत नाही. झाडाझुडपांची पाने, फांद्या आणि खाली पडलेला पालापाचोळा त्यातील काही पाणी वरच्यावर धरून ठेवतात आणि ते तेथूनच वाळून जाते. हलक्या सरींमध्ये हे प्रमाण मोठे असते, मोठ्या पावसात अगदी थोडे. ही प्रक्रिया नीट समजली, तर बांधावरची झुडपे ठेवायची की काढायची, फळबागेला पाणी कधी द्यायचे आणि पर्जन्यमापकाच्या आकड्यावर किती विसंबायचे, हे निर्णय अधिक अचूक घेता येतात.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, कर्जत, जामखेड, आष्टी या तालुक्यांत पाऊस मुळातच कमी आणि तोही खंड पडत पडत येतो. अशा भागात ‘मंडळात ४ मि.मी. पाऊस झाला’ असे कळते. पण बोरीच्या किंवा सीताफळाच्या झाडाखाली खुरप्याने उकरून पाहिले तर माती कोरडी ठणठणीत निघते. आकडा चुकलेला नसतो. पाऊस पडलेला असतो, पण तो जमिनीपर्यंत आलेला नसतो.

पावसाच्या थेंबाचे तीन रस्ते

बोर, बोराटी, तरवड, करवंद, हिवराचे रोप किंवा गिरीपुष्प अशा कोणत्याही झुडपावर पडणाऱ्या पावसाची विभागणी तीन प्रकारे होते.

• पानांवर व फांद्यांवर अडलेला पाऊस: हे पाणी पानांना चिकटून राहते आणि ऊन-वाऱ्याने उडून जाते. जमिनीला ते मिळत नाही.
• छत्रातून गळणारे पाणी: पानांच्या फटींमधून थेट पडणारे आणि पाने भिजल्यावर टपटप गळणारे पाणी. एकूण पावसाचा सर्वांत मोठा वाटा याचाच असतो.
• खोडावरून ओघळणारे पाणी: फांद्यांवरून खोडाकडे आणि खोडावरून बुंध्याशी येणारे पाणी. प्रमाण कमी, पण ते एकाच जागी उतरत असल्याने परिणाम मोठा.

एकूण पावसातून दुसरा आणि तिसरा भाग वजा केला, की पहिला भाग म्हणजे अडलेला पाऊस मिळतो. कोरड्या प्रदेशातील झुडपांवर झालेल्या मोजमापांत, छत्राखालील क्षेत्रापुरता विचार केला तर, हंगामातील पावसापैकी साधारण १० ते ३० टक्के पाणी असे अडलेले आढळते. झुडपाची जात, पानांची दाटी आणि पावसाचा प्रकार यांनुसार हा आकडा बदलतो.

हलकी सर आणि मोठी सर: हिशेब वेगळा

झुडपाचे छत्र हे एखाद्या टाकीसारखे आहे. टाकी भरेपर्यंत पाणी साठते, भरली की पुढचे सगळे खाली येते. बहुतेक झुडपांची ही धारणक्षमता अर्धा ते दोन मि.मी. पावसाइतकी असते. समजण्यासाठी ती १ मि.मी. धरू.

१ चौरस मीटरवर पडलेला १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. दोन मीटर व्यासाच्या झुडपाच्या छत्राचे क्षेत्र सुमारे ३.१४ चौ. मी. भरते. म्हणजे हे झुडूप प्रत्येक वेळी भिजताना सुमारे ३.१ लिटर पाणी अंगावर धरते.

• २ मि.मी. सर: छत्रावर ६.३ लिटर पडले, ३.१ लिटर अडले, म्हणजे निम्मे.
• ५ मि.मी. सर: १५.७ लिटर पडले, ३.१ लिटर अडले, २० टक्के.
• १० मि.मी. पाऊस: ३१.४ लिटर पडले, ३.१ लिटर अडले, १० टक्के.
• २५ मि.मी. पाऊस: ७८.५ लिटर पडले, ३.१ लिटर अडले, ४ टक्के.

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात पाऊस चालू असतानाही पानांवरून थोडे बाष्पीभवन होते, वारा असेल तर अधिक होते. पण मुद्दा स्पष्ट होतो: नुकसान हंगामातील एकूण पावसावर नाही, तर तो किती वेळा आणि किती लहान सरींनी आला यावर अवलंबून असते.

समजा आठवड्यात २, १.५, ३, २, १ आणि २.५ मि.मी. अशा सहा सरी आल्या. बेरीज १२ मि.मी. प्रत्येक सरीच्या आधी पाने वाळलेली असतील, तर दर वेळी १ मि.मी. वर अडेल आणि झुडपाखाली ६ मि.मी. पोहोचेल. तोच १२ मि.मी. पाऊस एका सरीत आला असता, तर ११ मि.मी. खाली आला असता. भारतीय हवामान खाते २४ तासांत २.५ मि.मी. किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ मानते. वरील सहा सरी वेगवेगळ्या दिवशी आल्या असतील, तर त्यांतील फक्त दोनच दिवस या व्याख्येत बसतात.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. पहिली, सरी लागोपाठ आल्या आणि पाने वाळायला उसंत मिळाली नाही, तर पुढच्या सरीचे पाणी जवळजवळ पूर्ण खाली येते. दुसरी, पान ओले असेपर्यंत झाड जमिनीतून कमी पाणी ओढते. त्यामुळे अडलेला पाऊस हा पूर्ण तोटा नसतो.

कोणते झुडूप किती पाणी अडवते?

• पानांची दाटी: जितकी पाने जास्त, तितके पाणी अधिक अडते. उन्हाळी छाटणी झालेल्या बोरीवर जूनच्या सुरुवातीला पालवी कमी असते, त्यामुळे मृगाच्या सरी बहुतांशी जमिनीवर येतात. तेच झाड ऑगस्टमध्ये बरेच पाणी अडवते.
• पानांचा पृष्ठभाग: लव असलेली, खरखरीत पाने पाणी धरून ठेवतात. गुळगुळीत, मेणचट पानांवरून थेंब लवकर घरंगळतो.
• फांद्यांचा कल: वर जाणाऱ्या, उभट फांद्या पाणी खोडाकडे आणतात. खाली झुकलेल्या फांद्या ते छत्राच्या कडेला टाकतात.
• साल: गुळगुळीत सालीवरून पाणी लवकर ओघळते. जाड, भेगाळ साल आधी स्वतः पाणी पिते.
• पावसाचा जोर आणि वारा: बारीक झिमझिम पाऊस पानांवर अधिक अडतो. जोरदार वाऱ्याने पाने हलतात आणि पाणी झटकले जाते.

खोडावरून येणाऱ्या पाण्याचे महत्त्व

वरच्याच झुडपावर २० मि.मी. पाऊस झाला तर एकूण ६३ लिटर पाणी पडते. त्यातील ५ टक्के पाणी खोडावरून आले असे धरले, तर ३ लिटरपेक्षा थोडे अधिक होते. आकडा लहान दिसतो. पण हे पाणी सगळ्या छत्राखाली पसरत नाही, बुंध्याशी उतरते. बुंध्याभोवती २० सें.मी. अंतरापर्यंतच्या गोलात ते मुरले, तर त्या जागेला सुमारे २५ मि.मी. जादा पाऊस मिळाल्यासारखे होते. म्हणजे झुडपाने छत्रावरचे काही पाणी गमावले, तरी थोडे पाणी गोळा करून स्वतःच्या मुळाशी नेले.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात मुल्गा नावाची, बाभळीच्या जवळच्या कुळातील झाडे आहेत. त्यांच्या फांद्या वरच्या दिशेने वाढतात. १९६० आणि १९७० च्या दशकांत तेथे झालेल्या मोजमापांत, खोडावरून उतरणारे पाणी बुंध्याजवळच्या जमिनीत मुरून तेथील ओल वाढवते, असे दिसून आले. अमेरिका-मेक्सिको सीमेवरील चिवावा वाळवंटातील क्रिओसोट झुडपांमध्ये हे पाणी मुळांच्या कडेकडेने खाली जाते, असे अभ्यासकांना आढळले. वरचा थर लवकर वाळतो. खोल गेलेले पाणी उन्हापासून वाचते. पावसाच्या खंडात झुडपे हिरवी राहण्यामागे हेही एक कारण आहे.

झुडपाखालची माती पाणी का पिते?

उघड्या जमिनीवर पावसाचा टपोरा थेंब जोरात आदळतो. मातीचे कण फुटतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. झुडपाखाली तसे होत नाही. थेंबाचा जोर पानांवर मोडतो. एक-दीड मीटर उंचीवरून गळणाऱ्या थेंबाला पुन्हा वेग घ्यायला जागा नसते. खाली पालापाचोळा असतो. मुळांच्या वाटा, वाळवी-मुंग्यांची बिळे आणि सेंद्रिय पदार्थ यांमुळे माती भुसभुशीत राहते.

इस्रायलच्या नेगेव वाळवंटाच्या कडेला हा प्रकार स्पष्ट दिसतो. झुडपांच्या मधल्या जमिनीवर कठीण पापुद्रा असतो. तेथून पाणी वाहते आणि झुडपाखालच्या मातीच्या उंचवट्यात मुरते. झुडपे काढली की हे पाणी अडवणारे कोणी उरत नाही आणि ते माती घेऊन उताराने निघून जाते. आपल्याकडील मुरमाड माळावर तरवडाच्या बुडाशी साठलेली गाळाची छोटी ढिगोळी हेच सांगते.

पालापाचोळाही थोडे पाणी स्वतः शोषून घेतो, त्यामुळे अगदी हलक्या सरीचे पाणी त्याखाली जात नाही. पण एकदा ओल खाली गेली की तोच पाचोळा ती टिकवतो.

मग झुडपे पाऊस खातात का?

‘बांधावरची झुडपे पाऊस खातात, काढून टाका’ असे अनेकदा ऐकू येते. हिशेब करून पाहू. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौ. मी. बांधावर दोन मीटर घेराची १० झुडपे असतील, तर त्यांचे छत्र ३१.४ चौ. मी. जागा व्यापते, म्हणजे एकराच्या एक टक्क्याहून कमी. हंगामात ५०० मि.मी. पाऊस झाला आणि त्यातील २० टक्के या छत्रांवर अडला, तर एकूण सुमारे ३,१४० लिटर पाणी वाया गेले.

आता उलट बाजू पाहा. उताराच्या उघड्या रानातून एकाच मोठ्या पावसात १० मि.मी. पाणी वाहून गेले, तर एकरी ४०,००० लिटरहून अधिक पाणी आणि त्यासोबत माती गेली. म्हणजे दहा झुडपे पूर्ण हंगामात जेवढे अडवतात, त्याच्या बारापट पाणी एका पावसात बांधाबाहेर जाते. बांध आणि माती धरून ठेवणारी झुडपे काढून पावसाचे पाणी वाचते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

याचा अर्थ झुडपांचा पिकाला त्रास होत नाही असा नाही. बांधालगतच्या दोन-चार ओळी खुजलेल्या दिसतात, ते खरे असते. पण त्याचे मुख्य कारण मुळांची ओलाव्यासाठी स्पर्धा आणि सावली हे आहे, पानांवर अडलेला पाऊस नव्हे. त्यावर उपाय झुडूप उपटणे हा नसून वेळेवर छाटणी आणि पिकाच्या बाजूची मुळे चर काढून तोडणे हा आहे.

सेनेगलमध्ये बाजरी आणि भुईमुगाच्या शेतात गिएरा नावाचे देशी झुडूप वाढते. शेतकरी पेरणीपूर्वी ते कापून जाळत असत. तेथील संशोधनात, कापलेला पाला न जाळता शेतातच ठेवला आणि झुडपांची खोडके राखली, तर जमीन सुधारते आणि उत्पादन वाढते, असे दिसून आले. आपल्याकडे बांधावरील गिरीपुष्पाचा पाला जमिनीत मिसळण्याची शिफारस त्याच धर्तीची आहे.

पिकात आणि फळबागेत याचा उपयोग

तूर: सप्टेंबरमध्ये तुरीचे छत्र जुळून आलेले असते. फुलोऱ्याच्या काळात २-३ मि.मी. सर आली म्हणून संरक्षित पाणी लांबवू नये. ओळीत एक वीत खोल उकरून ओल पाहावी आणि मगच ठरवावे.

बोर व सीताफळ: हलक्या पावसानंतर झाडाखाली खत टाकू नये. माती वरवर ओली दिसते, पण खताला मुरवण्याइतके पाणी खाली गेलेले नसते. वर पडून राहिलेल्या युरियातील नत्र हवेत उडून जाते. चांगला पाऊस होऊन वाफसा आल्यावर खत छत्राच्या कडेखाली, मातीआड करून द्यावे. छत्राच्या कडेवरून पाणी गळते आणि अन्न घेणारी बारीक मुळेही त्या भागात भरपूर असतात.

डाळिंब: झिमझिम पाऊस मुळांना उपयोगी पडत नाही, पण पाने आणि फळे मात्र ओली ठेवतो. तेलकट डाग रोगाच्या जिवाणूंना हीच ओल हवी असते. म्हणून अशा दिवसांत दोन हिशेब वेगळे ठेवावेत: पाण्यासाठी ‘पाऊस झाला नाही’ असे समजावे, रोगासाठी ‘पाऊस झाला’ असे समजून बागेची पाहणी करावी. छाटणीने झाडात हवा खेळती ठेवल्यास पाने लवकर वाळतात.

स्वतः मोजा

कृषी सहायक, शेतकरी गट आणि शाळा यांना हा प्रयोग एका पावसाळ्यात सहज करता येतो.

१. सरळ कडांचे, एकाच मापाचे १० डबे घ्यावेत. १० सें.मी. व्यासाच्या डब्यात ७.८५ मि.लि. पाणी म्हणजे १ मि.मी. पाऊस.
२. दोन डबे मोकळ्या जागेत ठेवावेत. झाड, भिंत, शेड यांपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर असावे. ८ मी. उंचीचा लिंब असेल तर १६ मी. दूर.
३. उरलेले आठ डबे झुडपाखाली ठेवावेत: काही बुंध्याजवळ, काही मध्ये, काही छत्राच्या कडेखाली. एकाच डब्यावर विसंबू नये. छत्राखाली पाणी सारखे पडत नाही.
४. खोडावरचे पाणी मोजण्यासाठी सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून खोडाभोवती तिरकी गुंडाळावी, खोडाशी असलेली फट एम-सीलने बुजवावी आणि खालचे टोक झाकणाच्या कॅनमध्ये सोडावे. अनेक खोडे असतील तर दोन-तीन खोडांवर मोजून सरासरीला एकूण संख्येने गुणावे.
५. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहावे. उशीर केल्यास डब्यातील पाणी उडते.

उदाहरण म्हणून हिशेब: मोकळ्या जागेत १५ मि.मी., झुडपाखाली सरासरी १२ मि.मी., खोडावरून १.९ लिटर. ३.१४ चौ. मी. छत्राने भागल्यास खोडावरचे पाणी ०.६ मि.मी. अडलेला पाऊस = १५ − १२ − ०.६ = २.४ मि.मी., म्हणजे १६ टक्के.

दहा-बारा पावसांची नोंद झाली की आपल्या बागेत किती मि.मी. पर्यंतची सर ‘कामाची नाही’ हे स्वतःच्या आकड्यांवरून कळते. शेतातील पर्जन्यमापक झाडाच्या आडोशाला असेल तर तोही असाच कमी आकडा दाखवतो. तो आधी मोकळ्यात हलवावा.

काय करावे

• उताराच्या बांधावर, नाल्याच्या काठावर देशी झुडपांची ओळ राखावी. पेरणीपूर्वी आणि गरजेनुसार हंगामात छाटणी करून घेर मर्यादित ठेवावा.
• छाटलेला पाला जाळू नये. झाडाच्या आळ्यात किंवा ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरावा.
• नवीन फळझाडांभोवती उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घालावा. वरून वाहत येणारे पाणी आळ्यात थांबते आणि पानांवर अडलेल्या पावसाची भरपाई होते.
• पाणी देण्याचा निर्णय मंडळाच्या आकड्यावर नव्हे, मुळाजवळची माती हातात घेऊन करावा.

काय टाळावे

• वेडी बाभूळ आणि घाणेरी यांसारखी आक्रमक झुडपे बांध झाकण्यासाठी वाढू देऊ नयेत. ती शेजारच्या रानात पसरतात आणि नंतर काढणे खर्चिक होते.
• गवताळ माळरानावर सरसकट झुडपे लावू नयेत. गवताचे माळ हा चाऱ्याचा आणि वन्यजीवांचा आधार आहे. तेथे गवतच माती धरते.
• बुंध्याजवळचा पालापाचोळा झाडून स्वच्छ करू नये आणि तेथे आग लावू नये. खोडावरून येणारे पाणी मुरण्याची जागा तीच असते.

येत्या पावसाळ्यात पहिली हलकी सर थांबली की एक डबा मोकळ्यात आणि एक झाडाखाली, एवढे तरी ठेवून पाहावे. दोन्ही डब्यांतील फरक हा आपल्या बागेचा स्वतःचा आकडा असतो, आणि पुढचे पाणी कधी द्यायचे ते ठरवताना तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो.